नाथमाधवांच्या सोबतीने एक वर्ष

गेल्या वर्षी चैत्रात माझा गळा बसला तो बसलाच. काढे झाले, गुळण्या झाल्या, शेवटी डॉक्टरांनी आरसा घालून पाहिले आणि स्वरतंतूंवर गाठी आल्याचे सांगितले. दीड महिना संपूर्ण मौन, पुढे मोजके बोलणे आणि गाणे वर्षभर बंद, असा दंडक पडला. गाणे शिकवून ज्याचा संसार चालतो त्याला हे ऐकून काय वाटले असेल, ते वाचकांनीच ताडावे. शिकवण्या थोरल्या शिष्येने सांभाळल्या. मी पेटीजवळ बसून चूक झाली की बोटाने नेमका स्वर दाबून दाखवी. उरलेला दिवस खायला उठे. म्हणून ईसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची वाट धरली.

आमचे वडील दरबारी गवई. रियाझाच्या वेळी हाती कादंबरी सापडणे हा त्यांच्या लेखी बेसूर गाण्याहूनही मोठा गुन्हा. त्यामुळे लहानपणी रहस्यकथा तंबोऱ्याच्या गवसणीत लपवाव्या लागत. हे दडपण चाळिशी उलटल्यावर प्रथमच उतरले. वर्षभरात गो. ना. दातारांची ‘कालिकामूर्ति’ वाचली, बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड पुन्हा भेटले, हरिभाऊ आपटेही झाले. परंतु मुक्काम पडला तो नाथमाधवांपाशी. ‘वीरधवल’ आपल्याकडील जुन्या घरांत आजी-आजोबांनी वाचलेली असते. ती लिहिणाऱ्या माणसाची हकीगत मात्र क्वचितच कोणी सांगतो.

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधवराव पितळे. जन्म मुंबईचा, 3 एप्रिल 1882 चा. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि नोकरी कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात. तरुण वय, अंगात रग आणि शिकारीचा भारी नाद. या माणसाच्या हातून पुढे मराठीत कादंबऱ्यांची रांग लागणार आहे, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर कारखान्यातले सोबती हसले असते.

1905 च्या सुमारास शिकारीच्या नादात ते सिंहगडच्या कड्यावरून खाली कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचा भाग लुळा पडला. वय तेवीस! नोकरी गेली, रानावनातून भटकणे तर कायमचेच सुटले. 1670 साली तानाजीची माणसे रात्री ज्या गडाचा कडा चढून गेली, त्याच गडाने या तरुणाला खाली लोटले. आणि गंमत अशी की पुढे याच माणसाने शिवकालावर ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’ अशी कादंबऱ्यांची माळच ओवली. गडकोटांविषयी त्यांच्या मनात कडवटपणा राहिला असता तर कोणी दोष दिला नसता. निदान या पुस्तकांत तरी तो मला कुठे दिसला नाही.

रुग्णालयातल्या त्या दिवसांत त्यांना पुस्तकांचा आधार मिळाला. पडल्यापडल्या त्यांनी अफाट वाचले आणि त्या वाचनातूनच लेखणी हाती आली. माझे मौन वर्षाचे. त्यांचे अपंगत्व जन्माचे. दोन्हींची तुलना करणे उद्धटपणाचे होईल, हे मी जाणतो. तरीही खाटेवर पडून दुसऱ्याच्या कथेत धावणारा माणूस मला त्या वर्षात जितका जवळचा वाटला तितका आधी कधी वाटला नसता.

त्यांची पहिली कादंबरी ‘प्रेमवेडा’ 1908 साली आली. पाठोपाठ ‘सावळ्या तांडेल’, आणि 1913 साली ‘वीरधवल’. तो काळ रेनॉल्ड्सचा. लंडनच्या गूढ कथा लिहिणारा हा इंग्रज लेखक 1879 साली वारला, पण आपल्या देशात तो त्यानंतरच जास्त जगला. हरिभाऊंच्या ‘मधल्या स्थिती’ला त्याचाच आधार होता आणि दातारांनी तर त्याला मराठी पागोटेच बांधले. ‘वीरधवल’ही त्याच वळणाची अद्भुतरम्य कादंबरी. ‘सोनेरी टोळी’चे तर नावच वाचकाला ओढून नेणारे.

आता थोडे परखड बोलतो. योगायोग फार, भाषणे लांबलचक, आणि खलपुरुष कोण हे पहिल्या पन्नास पानांत कळून चुकते. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर चीज साधी, पण लय पक्की. प्रकरण कुठे तोडावे आणि वाचकाला समेसाठी किती ताटकळत ठेवावे, हे त्यांना बरोबर कळे. मी रात्री दिवा मालवायचा ठरवून तीनदा पुन्हा लावला आहे.

ते केवळ अद्भुतातच रमले नाहीत. ‘डॉक्टर’ ही तीन भागांची सामाजिक कादंबरी त्यांचीच. ज्याचे तारुण्य डॉक्टरांच्या हाती गेले, त्याला हे नाव सुचावे याचे मला नवल वाटत नाही. वीस वर्षे त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. 21 जून 1928 रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. तीन वर्षांनी, 1931 साली, डॉ. केतकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन आपल्या हैदराबादेत भरले. नाथमाधव असते तर त्यांना इथवर येणे जमले असते का, असा एक वेडा विचार मनात येऊन गेला.

आणखी एक योगायोग, त्यांच्या कादंबरीत शोभेलसा. 1928 सालीच इब्ने सफी जन्मले. त्यांच्या उर्दू जासूसी कादंबऱ्यांवर आमच्या मोहल्ल्यातले शेजारी अजून जीव टाकतात. माझ्या मौनाच्या दिवसांत एक शेजारी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून त्या मला वाचून दाखवीत. मला बोलता येत नसल्याने खुनी कोण हे मी पाटीवर लिहून देई. दहांतून आठ वेळा चुके.

या चैत्रात डॉक्टरांनी परवानगी दिली. पूर्वी मी काळी एकमध्ये गात असे. आता काळी पाचच्या वर गळा जात नाही, आणि जाईल असे डॉक्टरही म्हणत नाहीत. तंबोरा खाली उतरवून लावायला घेतला, तेव्हा गवसणीतून ‘वीरधवल’ निघाली. ग्रंथसंग्रहालयाची मुदत उलटून गेली होती. दंड भरला, आणि ‘स्वराज्यावरील संकट’ घेऊन घरी आलो.