वाफेशी भांडणारा माणूस

मी तेव्हा फोर्थ स्टँडर्डला होतो. मे महिना, दुपारचे दोन. जळगावहून धुळ्याला मामांच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीतून निघालो होतो. एरंडोल मागे पडलं आणि पारोळ्याच्या अलीकडे गाडीने दोन-तीन आचके दिले आणि बंद पडली. टाकीत पेट्रोल भरपूर. मामा अजिबात चिडले नाहीत. बोनेट उघडलं, नॅपकिन पाण्यात भिजवला, पेट्रोल पंपाला गुंडाळला आणि निंबाखाली जाऊन बसले. वीस मिनिटांनी गाडी एका सेल्फमध्ये सुरू! मला ती जादूच वाटली होती.

यंदा आय.सी. इंजिनच्या प्रॅक्टिकलला सरांनी व्हेपर लॉक शिकवला आणि तो ओला नॅपकिन डोळ्यांसमोर आला. पेट्रोलमधला हलका भाग साधारण 35-40 अंशांनाच उकळायला लागतो. आपल्याकडे तर सावलीतच पारा 45 गाठतो, बोनेटखालचं विचारूच नका. त्यात पंप पेट्रोल खेचतो तिथे दाब कमी, म्हणून ते आणखी लवकर उकळतं. पाइपमध्ये वाफ झाली की द्रव ढकलण्यासाठी केलेला पंप नुसताच हलत राहतो. लायब्ररीत याबद्दल शोधता शोधता एक माणूस भेटला. त्याचं नाव आपल्या हॉस्टेलवर सगळ्यांना माहीत आहे, पण ते कोट्यवधींच्या गाडीचं म्हणून. विल्हेल्म मायबाख.

मायबाखचा जन्म 9 फेब्रुवारी 1846 चा, जर्मनीतल्या हाइलब्रॉनचा. वडील सुतार. दहा वर्षांचा होईपर्यंत आई-वडील दोघेही गेले. या मुलाला कोणी आधार द्या, अशी पेपरात जाहिरात द्यावी लागली. रॉयटलिंगेन गावातल्या एका धर्मादाय संस्थेने त्याला ठेवून घेतलं. म्हणजे आपल्यासारखाच हॉस्टेलचा मुलगा, फक्त सुट्टीत जायला घर नाही. तिथल्या वर्कशॉपमध्ये तो ड्रॉइंग शिकला. 1863 मध्ये त्याच वर्कशॉपचा प्रमुख म्हणून गॉटलिब डाइमलर आला. दोन वर्षांत त्याने या पोराला आपला मदतनीस केलं. ही जोडी डाइमलरच्या मरणापर्यंत टिकली.

दोघे पुढे ऑटोच्या डॉइट्झ कारखान्यात होते. तिथून बाहेर पडून 1882 मध्ये त्यांनी कानश्टाट इथे डाइमलरच्या बागेतल्या काचघरात वर्कशॉप थाटलं. दार सदैव बंद, आत रात्री-बेरात्री ठोकाठोकी. माळ्याला वाटलं, हे खोट्या नोटा-नाणी करतात! त्याने पोलिसांना कळवलं. पोलिसांनी आत जाऊन पाहिलं तर नुसती इंजिनं.

1885 मध्ये त्यांनी एक इंजिन लाकडी दुचाकीवर बसवलं. डाइमलरचा मुलगा पाउल ती घेऊन निघाला आणि वाटेत सीटच पेटली. इग्निशनची तापलेली नळी बरोबर सीटखाली होती. पेट्रोल आणि उष्णता यांना किती अंतरावर ठेवायचं, हा प्रश्न पहिल्याच राइडला असा चटका देऊन गेला.

खरी डोकेदुखी मात्र कार्ब्युरेटरची होती. तेव्हाच्या सरफेस कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलच्या साठ्यावरून हवा न्यायची आणि उडेल तेवढी वाफ इंजिनला द्यायची. हलका भाग आधी उडून जातो, मागे जड भाग उरतो. सकाळी मिश्रण वेगळं, दुपारी वेगळं. थोडक्यात, इंजिन हवामानावर चालायचं.

1890 मध्ये डाइमलर कंपनी निघाली, पण अटी न पटल्याने मायबाख 1891 मध्ये बाहेर पडला. डाइमलरच्या पैशांवर तो कानश्टाटच्याच बंद पडलेल्या हर्मान हॉटेलात काम करत राहिला. तिथेच 1893 मध्ये स्प्रे नोझलचा कार्ब्युरेटर तयार झाला. फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलची पातळी कायम राखायची, बारीक जेटमधून हवेच्या झोतात त्याचा फवारा उडवायचा. पेट्रोल शेवटच्या क्षणापर्यंत द्रवच ठेवायचं, वाफ करायची ती हवी तिथेच. मला विचाराल तर त्याचं सगळ्यात मोठं काम हेच. गाडीवर नाव येण्यापेक्षाही मोठं.

दुसरं भांडण पाण्याच्या वाफेशी. तेव्हाच्या गाड्यांत कूलिंगचं पाणी उकळून उडून जायचं, वाटेत भरत बसावं लागे. मायबाखने आधी नळ्यांचा रेडिएटर केला आणि मग मधमाशीच्या पोळ्यासारखा. 1901 ला नीसच्या शर्यतींत गाजलेल्या 35 हॉर्सपॉवरच्या मर्सिडीझमध्ये 6 मिलिमीटरच्या 8,070 चौकोनी नळ्या होत्या, मागे पंखा होता. पाणी 18 लिटरवरून 9 वर आलं.

ही गाडी गाजली तेव्हा डाइमलर नव्हता, तो मार्च 1900 मध्येच वारला होता. सुरुवातीच्या इंजिनाचं पेटंट त्याच्या नावावर, गाडीचं नाव ती मागवणाऱ्या येलिनेकच्या मुलीचं. मायबाख कुठेच नाही. कंपनीत त्याला बाजूला सारत गेले आणि 1907 मध्ये तो कायमचा बाहेर पडला. वय 61. हे वाचून मला खरंच राग आला. पण तो घरी बसला नाही. 1909 मध्ये मुलगा कार्ल याच्यासोबत झेपेलिनच्या हवाई जहाजांसाठी इंजिनं करणारी कंपनी काढली. मायबाख नावाच्या गाड्या कार्लच्या, 1921 नंतरच्या. कॉलेजची पायरी न चढलेल्या या माणसाला 1916 मध्ये श्टुटगार्टच्या टेक्निकल कॉलेजने मानद डॉक्टरेट दिली. 29 डिसेंबर 1929 ला तो वारला.

आता बीएस-6 आल्यापासून, म्हणजे 2020 नंतर, नव्या बाइकलासुद्धा इंजेक्शन असतं. पंप टाकीतच, तो खेचत नाही तर दाबाने ढकलतो, आणि दाबाखालचं पेट्रोल सहजासहजी उकळत नाही. पण आपल्या पार्किंगमध्ये कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्या अजून आहेत. दुपारी तापलेली गाडी बंद केली की चेंबरमधलं पेट्रोल उकळून इंजिनात उतरतं, मिश्रण जास्त होतं आणि लगेच किक मारली तर सुरू होत नाही. अशा वेळी चोक मुळीच ओढू नका. थ्रॉटल पूर्ण उघडून चार-पाच किका मारा, नाहीतर दहा मिनिटं सावलीत थांबा.

मामांनी ती गाडी केव्हाच विकली. नव्या गाडीच्या डिकीत नॅपकिन मात्र असतो, सवयीने.