कॉनर ओ'ब्रायन

कॉनर ओ'ब्रायन (१८८०–१९५२) हे आयरिश वास्तुविशारद, नौकारचनाकार, लेखक आणि दर्यावर्दी होते. १९२३ ते १९२५ या काळात त्यांनी 'सीर्शा' या छोट्या शिडाच्या नौकेतून जगप्रदक्षिणा केली. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका या खंडांच्या दक्षिणेकडील तिन्ही महाभूशिरांना वळसा घालणारी ती पहिली लहान क्रीडानौका मानली जाते. त्यानंतर त्यांनी 'आयलेन' ही नौका अवघ्या दोन खलाशांसह आयर्लंडहून दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांवर पोहोचविली. जगप्रदक्षिणेइतका या सफरीचा बोलबाला झाला नाही, तरी त्यांच्या कार्याचा सर्वांत टिकाऊ भाग म्हणून तिच्याकडे पाहावे लागते.

प्रारंभिक जीवन

ओ'ब्रायन यांचा जन्म लिमरिक परगण्यातील जमीनदार घराण्यात झाला. १८४८च्या आयरिश उठावाचे नेते विल्यम स्मिथ ओ'ब्रायन हे त्यांचे आजोबा. इंग्रज सरकारने आजोबांना प्रथम देहान्ताची शिक्षा सुनावली व पुढे टास्मानियात हद्दपार केले. कॉनर यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये विंचेस्टर व ऑक्सफर्ड येथे झाले. नंतर त्यांनी डब्लिनमध्ये वास्तुविशारद म्हणून व्यवसाय केला. गिर्यारोहणाचीही त्यांना आवड होती. कठीण कडे अनवाणी चढणारा गडी अशी त्यांची ख्याती होती.

१९१४ची शस्त्रवाहतूक

आयरिश स्वयंसेवक दलासाठी जर्मनीतून विकत घेतलेल्या बंदुका जुलै १९१४मध्ये बेल्जियमच्या किनाऱ्याजवळ भर समुद्रात दोन नौकांवर चढविण्यात आल्या. अर्स्किन चिल्डर्स यांच्या 'अ‍ॅस्गार्ड' नौकेने सुमारे ९०० बंदुका होथ बंदरात उतरविल्या. उरलेल्या सुमारे ६०० बंदुका ओ'ब्रायन यांच्या 'केल्पी' नौकेवर होत्या. वेल्सच्या किनाऱ्याजवळ त्या शल्यचिकित्सक सर थॉमस माइल्स यांच्या 'छोटा' या नौकेवर हलविण्यात आल्या आणि ऑगस्टच्या आरंभी रात्रीच्या वेळी किलकूल येथे उतरविण्यात आल्या. १९२१मध्ये 'केल्पी' स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आदळून नष्ट झाली.

'सीर्शा'ची जगप्रदक्षिणा

नव्या नौकेचा आराखडा ओ'ब्रायन यांनी स्वतः तयार केला. आर्क्लो येथील जुन्या मासेमारी नौका त्यांनी नमुन्यादाखल डोळ्यांपुढे ठेवल्या होत्या. सुमारे १२.८ मीटर (४२ फूट) लांबीची ही नौका १९२२मध्ये कॉर्क परगण्यातील बाल्टिमोर या गावी पाण्यात उतरविण्यात आली. 'सीर्शा' या आयरिश शब्दाचा अर्थ स्वातंत्र्य असा आहे.

२० जून १९२३ रोजी ती डब्लिनजवळच्या डन लेरी बंदरातून निघाली. न्यूझीलंडमध्ये जाऊन तेथील पर्वत चढावेत, हा मूळ हेतू होता. केपटाउन, डर्बन, मेलबर्न व ऑकलंड या बंदरांना भेट देत आणि केप हॉर्नला वळसा घालत ती फॉकलंड बेटांवर आली. बरोबर दोन वर्षांनी, २० जून १९२५ रोजी, ती डन लेरीला परतली. नव्याने स्थापन झालेल्या आयरिश मुक्त राज्याचा तिरंगी ध्वज या नौकेने जगभर नेला. 'अक्रॉस थ्री ओशन्स' या ग्रंथात ओ'ब्रायन यांनी या प्रवासाची हकीकत सांगितली आहे.

या प्रवासात नौकेपेक्षा माणसांचा प्रश्न अधिक बिकट ठरला. ओ'ब्रायन कुशल कप्तान होते, पण त्यांचा स्वभाव तापट होता. सोबती टिकत नसत. बंदरामागून बंदर येई आणि जुने खलाशी जाऊन नवे येत.

'आयलेन' पोहोचविण्याची सफर

फॉकलंड बेटांचा मुख्य व्यवसाय मेंढपाळी हा होता. मेंढ्यांचे मळे अनेक बेटांवर विखुरलेले असल्याने माणसे, मेंढ्या, टपाल व किराणा यांची ने-आण समुद्रमार्गेच करावी लागे. भोवतालचा समुद्र मात्र बाराही महिने वाऱ्याने खवळलेला असे. 'सीर्शा'चा दणकटपणा पाहून फॉकलंड आयलंड्स कंपनीने त्याच धर्तीची, पण मोठी नौका ओ'ब्रायन यांच्याकडे मागितली. सुमारे १७ मीटर (५६ फूट) लांबीची ही दोन डोलकाठ्यांची नौका बाल्टिमोरच्या मत्स्यविद्यालयात मुख्य कारागीर टॉम मॉयनिहन यांच्या देखरेखीखाली १९२६मध्ये तयार झाली. बाल्टिमोरजवळ समुद्राला मिळणाऱ्या आयलेन नदीवरून तिचे नाव ठेवण्यात आले.

नौका बांधून झाली, तरी ती गिऱ्हाइकाच्या बंदरात सुखरूप नेऊन देणे हे निम्मे काम बाकी होते. ओ'ब्रायन यांनी ते स्वतःच अंगावर घेतले. सोबतीला बाल्टिमोरसमोरील केप क्लिअर बेटावरचे कॉन कॅडोगन व डेनिस कॅडोगन हे दोघे होते. ऑगस्ट १९२६मध्ये निघालेली 'आयलेन' जानेवारी १९२७मध्ये पोर्ट स्टॅन्ली येथे पोहोचली.

बाल्टिमोर सुमारे साडेएक्कावन्न अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि पोर्ट स्टॅन्ली जवळजवळ तितक्याच दक्षिण अक्षांशावर. त्यामुळे या मार्गावर पृथ्वीवरील वाऱ्यांचे बहुतेक मोठे पट्टे एकामागून एक पार करावे लागतात. आयर्लंडजवळ पश्चिमी वारे अडथळा आणतात. पुढे ईशान्य व्यापारी वारे पाठीमागून साथ देतात. विषुववृत्ताजवळच्या शांत पट्ट्यात शिडे लोंबकळत राहतात आणि मधूनच पावसाच्या सरी कोसळतात. त्यानंतर आग्नेय व्यापारी वारे येतात. अर्जेंटिनाच्या किनाऱ्याजवळ पाम्पेरो हे अवचित येणारे वादळी वारे आणि अखेरीस 'गरजणारे चाळीस' यांना तोंड द्यावे लागते. ऑगस्टमध्ये निघाल्याने उत्तरेकडील हिवाळी वादळे मागे राहतात आणि दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात मुक्कामी पोहोचता येते.

अशा सफरीत नौकेवर तीनच माणसे असली, तर सुकाणूवर दिवसरात्र एक जण हवाच. उरलेल्या दोघांना शिडांची बांधाबांध, दोरखंडांची दुरुस्ती, स्वयंपाक आणि झोप हे सारे साधावे लागते. एक जण आजारी पडला, की इतरांचा भार लगेच दीडपट होतो. उपग्रहांचा आधार तेव्हा नव्हता. सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजून आणि अचूक घड्याळाशी ताळा घालून आपले स्थान काढावे लागे. शिवाय नौका परक्याच्या मालकीची. वाटेत काही मोडले, तर ते दुरुस्त करूनच ती मालकाच्या हवाली करावयाची असते. ज्यांच्याजवळ 'सीर्शा'वर खलाशी टिकले नाहीत, त्याच ओ'ब्रायन यांनी ही कामगिरी केवळ दोन सोबत्यांच्या भरवशावर पार पाडली.

उत्तरायुष्य

१९२८मध्ये ओ'ब्रायन यांनी चित्रकार जॉर्ज क्लॉसन यांची कन्या कॅथरीन यांच्याशी विवाह केला. त्याच वर्षी आपल्या तीन नौकांची हकीकत सांगणारे त्यांचे 'फ्रॉम थ्री यॉट्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. नौकारचनेवर व नौकानयनावर त्यांनी आणखी पुस्तके लिहिली, तसेच मुलांसाठी सागरकथाही लिहिल्या. पतिपत्नींनी काही वर्षे 'सीर्शा'वर भूमध्य समुद्रात घालविली. १९३६मध्ये कॅथरीन यांचे निधन झाले. दुसऱ्या महायुद्धात, साठी उलटल्यावरही, अमेरिकेतून लहान नौका अटलांटिकपार ब्रिटनला पोहोचविण्याच्या कामात त्यांनी भाग घेतला. अखेरच्या काळात ते शॅनन नदीच्या मुखातील फॉइन्स बेटावर राहत होते. १९५२मध्ये त्यांचे निधन झाले.

वारसा

'सीर्शा' पुढे विकली गेली आणि जमैकाच्या किनाऱ्यावर वादळात सापडून नष्ट झाली. 'आयलेन'ने मात्र फॉकलंड बेटांवर सुमारे सत्तर वर्षे मेंढ्या, माणसे व सामान वाहिले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिला आयर्लंडमध्ये परत आणण्यात आले. दीर्घ दुरुस्तीनंतर ती पुन्हा समुद्रात उतरली आणि २०१९मध्ये ग्रीनलंडपर्यंत जाऊन आली. ज्या नौकेने ओ'ब्रायन यांना कीर्ती दिली, ती 'सीर्शा' होती. पण ज्या लोकांसाठी नौका बांधली, त्यांच्या दोन-तीन पिढ्यांच्या उपयोगी पडली ती 'आयलेन'.