पुलं, सुनीताबाई आणि विलायत

नल्लकुंट्यात आमच्या घरी मराठी पुस्तकं मोजकीच, पण त्यांत ‘अपूर्वाई’ आहे. त्यामुळे पु. ल. देशपांडे म्हटलं की मला आधी त्यांचा विलायतेचा प्रवासच आठवतो. जन्म मुंबईचा, ८ नोव्हेंबर १९१९. १९४६ साली सुनीता ठाकूर यांच्याशी नोंदणी पद्धतीनं लग्न. पुढे आकाशवाणीत नोकरी, आणि तिथून लंडनला, बीबीसीत टेलिव्हिजनचं तंत्र शिकायला. आपल्याकडे टेलिव्हिजन आला १५ सप्टेंबर १९५९ला, तोही फक्त दिल्लीत. म्हणजे इथे कुणी पाहिलेलीही नव्हती अशी गोष्ट शिकायला हा माणूस निघाला होता! सोबत सुनीताबाई. शिकणं झालं, तसं दोघांनी मिळून इंग्लंड आणि फ्रान्स पाहणंही झालं. १९६० साली त्याचं पुस्तक आलं.

पुलं हसवतात हो, पण वाचताना माझं लक्ष सारखं सुनीताबाईंकडे जातं. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली ही बाई. तिची बाजू तिच्याच शब्दांत वाचायला मिळाली ती १९९०मध्ये, ‘आहे मनोहर तरी’मधून. संसारातलं खुपणारंही तिनं त्यात लिहिलं, आणि ते पुलंच्या हयातीत छापलं. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचून बघा.

पुलं गेले १२ जून २०००ला, पुण्यात. त्या दिवशी त्यांच्या लग्नाला ५४ वर्षं झाली होती.