कानाच्या पडद्यामागची हवा

घाट उतरताना कानात दडे बसले की आपण आवंढा गिळतो आणि कान मोकळा होतो. हे का घडते, याचा आयुष्यभर पाठपुरावा करणारे डॉक्टर म्हणजे ॲडम पोलित्झर.

त्यांचा जन्म १८३५ मध्ये हंगेरीतल्या अल्बर्टी या गावी झाला. १८५९ मध्ये व्हिएन्नात ते डॉक्टर झाले. त्या काळी कानाच्या आजारांकडे फारसे कोणी लक्ष देत नसे. पोलित्झर मात्र लंडनपर्यंत जाऊन कानाचे शास्त्र शिकून आले.

नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. गिळताना ती उघडते आणि हवा आत शिरते. ती बंद राहिली की पडदा आत ओढला जातो, मागे पाणी साचते आणि ऐकू कमी येते. पोलित्झर यांनी कानाच्या भोकात दाबमापक नळी बसवून गिळतानाचे हे बदल दाखवले. तेव्हा कानात हवा भरायची तर नाकातून धातूची नळी घालावी लागे. १८६३ मध्ये त्यांनी सोपा मार्ग काढला. रुग्णाने पाण्याचा घोट गिळायचा आणि त्याच क्षणी डॉक्टरने नाकपुडीला लावलेला रबरी फुगा दाबायचा. लहान मुलांची मोठीच सुटका झाली. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात जोसेफ ग्रूबर यांच्यासोबत त्यांनी कानाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. देशोदेशीचे डॉक्टर तिथे शिकून गेले. १९२० मध्ये पोलित्झर यांचे निधन झाले.

पडद्यामागचा दाब आकड्यात सांगणारे यंत्र मात्र त्यांच्यानंतर, विसाव्या शतकात आले. आजच्या टिम्पॅनोमेट्रीत कानात मऊ बोंडी बसवतात, एक सूर सोडतात आणि हवेचा दाब कमी-जास्त करतात. किती आवाज आत गेला, किती परत आला, यावरून आलेख उमटतो. आलेखाला टोक आले तर पडदा हलतो आहे. रेघ सपाट आली तर मागे पाणी असू शकते. नवी यंत्रे एकाच वेळी अनेक सुरांवर आवाज किती शोषला जातो हे मोजतात. तपासणी दुखत नाही, काही मिनिटांत होते.

आमच्या ओपीडीत ‘मुलगा लक्षच देत नाही’ अशी तक्रार घेऊन पालक येतात. अनेकदा आलेखाची रेघ सपाट निघते. हे पाणी बहुधा तीन महिन्यांत आपोआप जाते. न गेल्यास उपचार आहेत. म्हणून मुलाला रागावण्याआधी त्याचा कान तपासून घ्या.