प्राणिप्लवकांचे अभ्यासक डॉ. पणिक्कर

शहागंजच्या घड्याळ मनोऱ्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही सुकवलेला जवळा मराठवाड्याच्या बाजारांना अपरिचित नाही. पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या अशाच चिमुकल्या जीवांना प्राणिप्लवक म्हणतात. त्यांच्या अभ्यासाला भारतात भक्कम पाया मिळवून देण्यात डॉ. एन. के. पणिक्कर यांचा मोठा वाटा होता.

१९१३ मध्ये केरळात जन्मलेल्या पणिक्कर यांनी मद्रासमध्ये शिक्षण घेतले आणि पुढे इंग्लंडमधील प्लायमाऊथच्या सागरी प्रयोगशाळेत कोळंबीवर संशोधन केले. बाहेरच्या पाण्याचा खारेपणा बदलला, तरी शरीरातील क्षारांचा तोल सांभाळावा लागतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्ची पडते. उबदार पाण्यात कमी खारेपणा सोसणे या जीवांना सोपे जाते, असे त्यांनी १९४० मध्ये मांडले. केरळच्या खाडीपट्ट्यात कोळंबी का फोफावते, याचा उलगडा त्यातून होऊ लागला.

ध्रुवीय समुद्रात प्रश्न वेगळा असतो. तेथे थंडीपेक्षा उपासमार कठीण. अन्न मिळते ते उन्हाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत. कॅलॅनससारखे तांदळाच्या दाण्याएवढे कोपेपॉड त्या काळात सूक्ष्म वनस्पती खाऊन मेणासारखा स्निग्ध पदार्थ अंगात साठवतात. त्यांच्या कोरड्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग हा साठाच असू शकतो. हिवाळ्यात ते शेकडो मीटर खोल उतरतात, शरीरव्यापार मंदावतात आणि साठ्यावर तग धरतात. उष्ण कटिबंधातील त्यांच्या भाऊबंदांना वर्षभर थोडेथोडे अन्न मिळत राहते. त्यामुळे एवढी बेगमी करण्याची गरज त्यांना सहसा भासत नाही.

पण ही तुलना करायची, तर आपल्या समुद्रातील जीवांची नोंद हवी. ती संधी १९५९ ते १९६५ दरम्यानच्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने दिली. मोहिमेतील भारतीय कार्यक्रमाची धुरा पणिक्कर यांच्याकडे होती. अनेक देशांच्या जहाजांनी दोनशे मीटर खोलीपासून जाळी वर ओढत प्लवकांचे नमुने जमवले. दीड हजारांहून अधिक नमुने युनेस्कोच्या साहाय्याने कोचीत उभारलेल्या केंद्रात आले आणि भारतीय संशोधकांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली निवडले. काम कंटाळवाणे, धान्य निवडण्यासारखेच. मात्र ते परदेशी गेले असते, तर हिंदी महासागराचे ज्ञान आपल्याला दुसऱ्यांकडून मागावे लागले असते.

१ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले. संस्थेचे मुख्यालय पुढे गोव्यात आले. दिल्लीच्या कचेरीतून समुद्राचा अभ्यास चालवण्यापेक्षा हे केव्हाही शहाणपणाचे होते. पुढे कोचीन विद्यापीठाचे कुलगुरूपदही त्यांनी भूषवले. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

चार वर्षांनी, ६ डिसेंबर १९८१ रोजी, भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहूनच निघाली. तिचे नेते डॉ. एस. झेड. कासिम हे पणिक्कर यांनी उभ्या केलेल्या संस्थेचे संचालक राहिलेले होते. ९ जानेवारी १९८२ रोजी मोहिमेने अंटार्क्टिकाच्या बर्फावर पाऊल ठेवले.