गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

ज्या मुलांस आज शाळेच्या वेळापत्रकांत गायनाचा तास दिसतो, त्यांस हा तास गणिताच्या व भूगोलाच्या तासाप्रमाणें फार पूर्वीपासून चालत आला असावा असें वाटणें साहजिक आहे. वस्तुतः तसें नाहीं. सव्वाशें वर्षांपूर्वीं गाणें शिकावयाचें म्हणजे एखाद्या गवयाच्या घरीं जाऊन राहावें, पाणी भरावें, बाजारहाट करावा, आणि गुरूची मर्जी लागेल त्या दिवशीं चार स्वर पदरीं पडावे, अशी रीत होती. गायनास वर्ग, फळा, पुस्तक व परीक्षा हीं साधनें लावून देण्यासाठीं ज्यांनीं आपलें सारें आयुष्य वेंचलें, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचें अल्प चरित्र आम्ही आज आमच्या बालवाचकांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस सादर करीत आहों.

विष्णूचा जन्म ता. १८ ऑगस्ट १८७२ रोजीं कुरुंदवाड येथें झाला. कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमाजवळचें हें लहानसें संस्थान. तेथें पटवर्धन घराण्याचें राज्य होतें. विष्णूचे वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. कीर्तनकाराच्या मुलाच्या कानांवर टाळ, मृदंग व पदें हीं जन्मापासूनच पडत असतात. तरी मुलानें इंग्रजी शिकून कोठें तरी मानाची नोकरी धरावी, असेंच त्या काळच्या इतर सुज्ञ पालकांप्रमाणें त्यांच्याही मनांत असावें. त्याप्रमाणें विष्णु शाळेंत जाऊं लागलाही होता.

पण एका दत्तजयंतीला नरसोबाच्या वाडीस उत्सवाचें दारूकाम चाललें असतां त्यांतील दारू मुलाच्या तोंडाजवळ उडाली व त्याचे दोन्ही डोळे भाजले. उपचारासाठीं त्यास मिरजेस नेण्यांत आलें. तेथील डॉ. भडभडे यांच्या उपचारांनीं डोळे अगदींच गेले नाहींत. परंतु दृष्टि इतकी अधू झाली कीं पुस्तक वाचणें अशक्य होऊन बसलें. शाळा सुटली. ज्या घरांत असा प्रसंग आला असेल त्या घरच्या आईबापांस त्या दिवसांची कल्पना आम्हीं करून द्यावयास नको. मुलाचा गळा चांगला आहे, त्यास गाणें शिकवावें, ही सूचना डॉक्टरांनींच केली असें सांगतात; आणि मिरजेचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णूची सोय गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशीं लागली.

येथें थोडें विषयांतर करून आम्ही एका परदेशीय शिक्षकाची गोष्ट सांगतों. आपल्यापैकीं पुष्कळ मुलांस गिटार या वाद्याची हौस आहे. त्या वाद्याचे एक थोर शिक्षक फ्रान्सिस्को तार्रेगा हे स्पेन देशांत १८५२ सालीं जन्मले. तेही लहानपणीं पाटाच्या पाण्यांत पडून डोळ्यांनीं अधू झाले होते. मुलगा पुढें आंधळा झाला तरी संगीतावर पोट भरूं शकेल, म्हणून बापानें त्यास गाणें-बजावणें शिकावयास घातलें. त्यांचे पहिले दोन शिक्षक स्वतः अंध होते. तार्रेगा १९०९ सालीं वारले. त्यांनीं व त्यांच्या शिष्यांनीं बसविलेली पद्धत आजही गिटारच्या वर्गांत चालते. दोन दूरच्या देशांतील दोन मुलांवर एकाच प्रकारचें संकट आलें, आणि दोघेही पुढें वाजविणारे-गाणारे म्हणून जेवढे ओळखले गेले तेवढेच शिकविणारे म्हणूनही ओळखले गेले, हा योगायोग आम्हांस मोठा विलक्षण वाटतो.

बाळकृष्णबुवा हे स्वतः तरुणपणीं गाण्यासाठीं घर सोडून उत्तरेकडे गेलेले. ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशीं शिकून त्यांनीं तेथील ख्यालगायकी महाराष्ट्रांत आणिली. विद्या कष्टानें मिळविलेली असल्यामुळें ती देतांनाही ते सढळ हातानें देत नसत. पहांटे उठून तंबोरा जुळवावा, मंद्र सप्तकांतील स्वरांवर आवाज स्थिर करावा, तोच पलटा शेंकडों वेळां घोंटावा, असा विष्णूचा क्रम सुमारें नऊ वर्षें चालला. मिरज हें गांव त्या विद्येस अनुकूलही होतें. पूर्वीं हत्यारें घडविणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर तेथें भोपळ्याचे तंबोरे व सतारी करूं लागले होते, व मिरजेचीं तंतुवाद्यें आजही देशभर जातात.

विद्या पुरी होत आली तेव्हां एक प्रसंग घडला. गांवांतील एका समारंभाचें आमंत्रण विष्णूस आलें. कारण तो श्रीमंतांच्या मर्जींतील होता. त्याच्या गुरूंस मात्र आलें नाहीं. चौकशी करतां, ते गवई पडले, त्यांस कोण बोलावणार, अशा अर्थाचें उत्तर मिळालें, असें त्यांच्या चरित्रांतून सांगण्यांत येतें. ज्याच्या पायांशीं बसून आपण विद्या घेतली त्यास समाजांत बसावयास जागा नसावी, हें शल्य त्या तरुणाच्या मनांत खोल रुतलें. गवयाच्या व्यसनांमुळें व अशिक्षितपणामुळेंही ही स्थिति आली आहे, हें तो जाणून होता. म्हणून नुसता राग धरून तो थांबला नाहीं. १८९६ सालीं त्यानें मिरजेचा सुखाचा राजाश्रय सोडला.

औंध, सातारा, बडोदें, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा त्यांचा प्रवास झाला. काठेवाडांत त्यांनीं तिकीट लावून जाहीर जलसा केला. राजाच्या वाड्याबाहेर सामान्य माणसानें चार पैसे देऊन बसावें व गाणें ऐकावें, ही गोष्ट त्या काळीं नवीन होती. मथुरेस ते राहिले व ज्या भाषेंत चिजा बांधलेल्या असतात ती ब्रजभाषा त्यांनीं तेथें अभ्यासिली. अखेर ते पंजाबांत पोहोंचले. आमच्या शिरड शहापुराहून औंढा नागनाथ जवळच आहे, आणि हिंगोलीकडील नरसी हें नामदेवांचें गांव आमच्या वाचकांस ठाऊक आहे. मराठी मनुष्यानें भजन गात पंजाबपर्यंत जावें व तेथल्या लोकांचें होऊन राहावें, हा पायंडा नामदेवांनीं सहाशें वर्षांपूर्वींच घालून ठेविला होता.

ता. ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालयाची स्थापना झाली. राजाची देणगी नव्हे, तर लोकांची वर्गणी व जलशांचें उत्पन्न यांवर ही शाळा चालावयाची होती. आरंभीं विद्यार्थी मिळेनात. मुलगा गाण्याच्या नादीं लागला म्हणजे हातचा गेला, अशी आईबापांची समजूत. आणि ती सर्वस्वीं खोटी होती असेंही म्हणवत नाहीं, कारण त्या वेळच्या मैफलींचें वातावरण तसेंच होतें. पंडितजींनीं हा आक्षेप खोडून काढण्यासाठीं व्याख्यानें दिलीं नाहींत; त्यांनीं शाळेची शिस्तच अशी ठेविली कीं आक्षेपास जागा उरूं नये. वेळेवर हजेरी, स्वच्छ पोशाख, व्यसनास पूर्ण बंदी. चिजांतील शृंगारिक शब्द काढून त्यांनीं त्या जागीं भक्तिपर शब्द घातले. ही काटछांट कांहीं जाणत्यांस रुचली नाहीं, पण मुलांस व विशेषतः मुलींस गाणें शिकवावयाचें तर ती अवश्य होती. स्त्रियांसाठींही त्यांनीं वर्ग काढले.

त्यांची शिकविण्याची रीत पाहण्याजोगी आहे. नव्या विद्यार्थ्यास पहिल्याच दिवशीं गाणें हवें असतें. गिटार हातीं घेतलेल्या मुलाचेंही तेंच. तारांनीं बोटें दुखूं लागलीं कीं त्यास आवडीचें पद आठवतें. पंडितजींच्या वर्गांत मात्र अगोदर षड्ज, मग सात स्वरांची चढउतार, मग सा रे ग, रे ग म अशा क्रमानें अलंकार, हातानें ताल, त्यानंतर सरगम, आणि मग कोठें सोपी चीज किंवा भजन. हें सर्व एकेकट्यास नव्हे, तर साऱ्या वर्गास एकदम. त्यासाठीं त्यांनीं स्वरलेखनाची पद्धति तयार केली. तींत मंद्र सप्तकाच्या स्वरावर बिंदु, तार सप्तकाच्या स्वरावर उभी रेघ, कोमल स्वराचा पाय मोडलेला, आणि प्रत्येक स्वर किती मात्रा धरावयाचा त्याचीही खूण असे. तीवर त्यांनीं बालबोध पुस्तकमाला छापिली. पुढें छापखाना व वाद्यें करण्याचा कारखानाही काढिला. गाणें कागदावर उतरत नाहीं असें जुने गवई म्हणत, व त्यांत तथ्य आहे. गळ्यांतील मींड कागदावर पुरती येत नाहीं. परंतु ज्या मुलाच्या गांवांत गवईच नाहीं त्याच्या दारापर्यंत पुस्तकच जाऊं शकतें, हें त्या टीकाकारांनीं लक्षांत घेतलें नाहीं असें आम्हांस वाटतें.

शिक्षक तयार करण्यासाठीं त्यांनीं उपदेशक वर्ग चालविला. होतकरू मुलांस जेवण, कपडा व राहण्याची जागा देऊन त्यांनीं वर्षानुवर्षें संस्थेंत राहावें व मग गांवोगांवीं शिकवावें, अशी योजना होती. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे याच तालमींतले. पंडितजी कडक होते. शिष्यांनीं जाहीर गावें यापेक्षां शिकवावें, असा त्यांचा आग्रह असे.

१९०८ सालीं मुंबईस शाखा निघाली व पुढें कर्ज काढून तेथें मोठी इमारत उभारली. हें धाडस हिशेबाच्या दृष्टीनें शहाणपणाचें नव्हतें. जलशांच्या पैशावर व्याज फिटेना, मुलांचीं जेवणें तर चालूच. १९२४ सालीं इमारतीचा लिलाव झाला. जी वास्तु उभी करावयास सारें आयुष्य लागलें ती अशी गेली. घरींही अनेक अपत्यें बालपणींच दगावलीं होतीं. पंडितजी नाशकास रामनाम आधाराश्रमांत राहून भजनांत रमले. स्वभावांतील कणखरपणा मात्र गेला नव्हता. १९२३ च्या काकिनाडा काँग्रेसमध्यें त्यांनीं वंदे मातरम् गावयास आरंभ केला तेव्हां अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनीं हरकत घेतली. पंडितजींनीं गीत पुरें करूनच आसन सोडलें.

ता. २१ ऑगस्ट १९३१ रोजीं, एकोणसाठावें वर्ष पुरें होऊन तीनच दिवस झाले असतां, मिरजेस त्यांचा अंत झाला. त्याच वर्षीं शिष्यांनीं अहमदाबादेस जमून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. त्या मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांस आज देशभरचीं मुलें बसतात, आणि त्यांच्या विषयांत कंठगायन, तबला, सतार यांबरोबर गिटारसुद्धां आहे. वडील गेले त्या वेळीं एकुलता उरलेला मुलगा दत्तात्रय दहा वर्षांचा होता. त्याचें शिक्षण वडिलांच्या शिष्यांनीं, विशेषतः विनायकरावांनीं, पुण्यास पुरें केलें. तोही मोठा गवई झाला, व १९५५ सालीं अवघ्या चौतिसाव्या वर्षीं वारला.