दोन प्रवाहांचा मार्सिली
मित्रांनो, फ्लुइड मेकॅनिक्सचा कंटाळा आलाय? मग लुइजी मार्सिलीला भेटा. जन्म इटलीत, बोलोन्याला, १६५८ साली. १६७९ मध्ये तो इस्तंबूलला गेला. बॉस्फोरसमध्ये वरचं पाणी काळ्या समुद्रातून बाहेर पडतं, खालचं उलटं आत शिरतं, हे तिथल्या मच्छीमारांना ठाऊक होतं. यानं पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे दोराला बांधून ते तपासलं. मग मध्ये पडदा असलेल्या टाकीत प्रयोग करून कारणही दाखवलं: खारेपणामुळे घनतेतला फरक!

आज आपल्याला कळतं की विरघळलेला कार्बनही याच दोन वाटांनी ये-जा करतो. जड खारं पाणी खालीच राहतं, तिथे ऑक्सिजन पोचत नाही आणि मेलेल्या जीवांतला थोडा कार्बन गाळात गाडला जातो.

१६८३ मध्ये मार्सिली तातारांचा गुलाम झाला, सुटला. पुढे सैन्यातून अपमानाने हाकलला गेला. तरी १७२५ मध्ये समुद्रावर ग्रंथ काढलाच. १७३० मध्ये वारला. केटी लागली तर त्याला आठवा!